मुख्याध्यापक कसा घडतो? शिकागोनं त्यासाठी डॉक्टरेटच बदलून टाकली

आपल्याकडे मुख्याध्यापक कसा होतो?

सोपं आहे. आधीचे सर निवृत्त होतात आणि सेवाज्येष्ठता यादीत ज्यांचं नाव सगळ्यात वर असतं ते त्या खुर्चीत बसतात. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांसाठी १९८१ ची सेवाशर्ती नियमावली आहे, तिचा सूरही हाच आहे. पात्रता हवी, सेवेचा रेकॉर्ड समाधानकारक हवा, पण पहिला मान सगळ्यात ज्येष्ठ शिक्षकाचा. अल्पसंख्याक संस्थांची गोष्ट वेगळी, बाकी ठिकाणी साधारण हेच चालतं.

आता गंमत बघा. पंचवीस वर्षं गणित शिकवलेल्या सरांना ३१ मेपर्यंत वर्ग कसा सांभाळायचा हे माहीत असतं. १ जूनला त्यांच्यासमोर संच मान्यता येते, युडायसची माहिती भरायची असते, पोषण आहाराचा हिशेब असतो, गळकं छप्पर असतं. नव्यानं लागलेल्या शिक्षकाला मार्गदर्शन करायचं असतं, जुन्या शिक्षकाला चार गोष्टी सुनवायच्या असतात आणि शाळा सोडून चाललेल्या पोराच्या आईची समजूतही काढायची असते. हे काम त्यांना शिकवलं कुणी? बहुतेक वेळा कुणीच नाही. ते करत करत शिकतात आणि शिकून होईपर्यंत निवृत्तीचं वय येतं.

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांनाही तो पडला आणि तिथल्या विद्यापीठांनी त्यावर एक अख्खं क्षेत्र उभं केलं. त्याचं नाव 'अर्बन एज्युकेशनल लीडरशिप अँड पॉलिसी', म्हणजे शहरी शाळांचं नेतृत्व आणि शिक्षण धोरण. यात मास्टर्स करता येतं, डॉक्टरेटही करता येते.

पण डिग्री घेऊन कुणी चांगला मुख्याध्यापक होतो का? याचं उत्तर शोधायला शिकागोइतकं चांगलं शहर नाही. कारण तिथे या डिग्रीचं आधी हसं झालं होतं, मग एका विद्यापीठानं ती पार बदलली आणि शेवटी राज्याला कायदा करावा लागला.

आधी डिग्री समजून घेऊ

नाव लांबलचक आहे, पण त्यात तीनच शब्द महत्त्वाचे आहेत.

पहिला शब्द, लीडरशिप. हा भाग शाळा चालवण्याचा. दुसऱ्याचा तास बघून त्याला उपयोगी पडेल असं काय सांगायचं, शिक्षक निवडायचे कसे, बजेट कुठे खर्च करायचं, वेळापत्रक कसं लावायचं, निकालाच्या आकड्यांमधून नेमकं काय वाचायचं, हे सगळं यात येतं.

दुसरा शब्द, पॉलिसी. शाळेबाहेर घेतलेल्या निर्णयांचा शाळेच्या आत काय परिणाम होतो याचा हा अभ्यास. पैसा कुठून येतो, कोणत्या वस्तीत शाळा उघडते, कोणत्या वस्तीतली बंद होते, परीक्षेच्या निकालावर शाळेला शिक्षा करावी का, असे प्रश्न यात असतात. कायदा, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि संख्याशास्त्र यांची सरमिसळ म्हणा ना.

तिसरा शब्द, अर्बन. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ नुसता 'शहरातला' असा होत नाही. एकाच शिक्षण मंडळाखाली शेकडो शाळा, त्यात गरीब घरातली मुलं जास्त, घरी वेगळी भाषा बोलणारी मुलं, नुकतीच स्थलांतर करून आलेली कुटुंबं आणि वस्त्यांमध्ये वंशाप्रमाणे पडलेली फूट, असं सगळं चित्र त्या एका शब्दात असतं. आपल्याला हे समजायला अवघड नाही. मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत चालतात. तिथला मुख्याध्यापक आणि गावातल्या दोनशिक्षकी शाळेतला मुख्याध्यापक यांची कामं एकसारखी कशी असतील?

इथे एक घोळ आधीच दूर करून टाकू. अमेरिकेतलं एम.एड. आणि आपलं एम.एड. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपलं एम.एड. प्रामुख्यानं शिक्षकांचे शिक्षक तयार करण्यासाठी असतं. तिकडे एम.एड. हे मोठं छत्र आहे, त्याखाली नेतृत्व, धोरण, अभ्यासक्रम, समुपदेशन असं बरंच काही येतं. तसंच डॉक्टरेटचं. पीएच.डी. संशोधकांसाठी आणि एड.डी. शाळा किंवा शिक्षण खातं चालवणाऱ्यांसाठी, अशी निदान कागदावरची विभागणी आहे.

कागदावरची म्हणजे?

म्हणजे असं की एड.डी. ही डिग्री हार्वर्डनं १९२० मध्ये सुरू केली, तेव्हा कल्पना चांगली होती. डॉक्टरांसाठी जशी एम.डी. तशी शिक्षण क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी एड.डी.

पुढे झालं काय, तर अमेरिकेतल्या बहुतेक सरकारी शाळांमध्ये शिक्षकांचा पगार दोन गोष्टींवर ठरायला लागला, नोकरीची वर्षं आणि पदरात असलेल्या पदव्या. पदवी वाढली की पगार वाढतो. मग शिक्षक संध्याकाळच्या किंवा शनिवार-रविवारच्या वर्गांना बसायला लागले. त्यातले अनेक जण मुख्याध्यापक होण्यासाठी आलेलेच नव्हते, पगाराची पुढची पायरी गाठायला आले होते. विद्यापीठांनाही हे बरं होतं. ना प्रयोगशाळा लागते, ना मोठा खर्च आणि फी वेळेवर जमा.

२००५ मध्ये आर्थर लेव्हिन यांनी या सगळ्यावर एक अहवाल काढला. लेव्हिन तेव्हा कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजचे अध्यक्ष होते, म्हणजे अशाच पदव्या देणाऱ्या नामांकित संस्थेचे प्रमुख. त्यांनी सरळ लिहिलं की शाळांचे नेते घडवणारे बहुतेक अभ्यासक्रम सुमार आहेत, प्रवेशाला निकष नाहीत, शिकवण्याचा शाळेतल्या कामाशी संबंध नाही आणि एड.डी. बंदच करून टाकावी. घरातल्याच माणसानं घराचे वासे मोजल्यामुळे या अहवालावर बरीच चर्चा झाली.

पदोन्नतीच्या आशेनं शालेय व्यवस्थापनाची पदविका, म्हणजे डीएसएम, करणारे शिक्षक आपल्याही ओळखीत असतात. त्यातले काही मनापासून शिकतात, काहींना फक्त प्रमाणपत्र फाईलला लावायचं असतं. तेव्हा हा आजार आपल्याला अनोळखी नाही.

शिकागोत नेमकं काय वेगळं होतं?

१९८७ मध्ये शिकागोतल्या शिक्षकांचा संप शाळेचे १९ दिवस चालला. पालक आधीच वैतागलेले होते. त्याच वर्षी अमेरिकेचे तेव्हाचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी शिकागोच्या शाळा देशात सगळ्यात वाईट असल्याचं जाहीरपणे सांगितलं. संताप वाढला, पालक संघटित झाले आणि १९८८ मध्ये इलिनॉय राज्यानं शिकागोसाठी एक धाडसी कायदा केला.

या कायद्यानं प्रत्येक शाळेला स्वतःची निवडून आलेली समिती मिळाली, 'लोकल स्कूल कौन्सिल'. सहा पालक, दोन स्थानिक रहिवासी, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक. हायस्कूल असेल तर एक विद्यार्थीसुद्धा. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यानं आलेली शाळा व्यवस्थापन समिती आठवली ना? तिच्यातही तीन चतुर्थांश पालक असतात. पण एक मोठा फरक आहे. शिकागोच्या समितीला मुख्याध्यापक निवडायचा अधिकार मिळाला. चार वर्षांचा करार, काम आवडलं तर पुढे चालू, नाहीतर नमस्कार.

१९९५ मध्ये शहराच्या शिक्षण मंडळाचा ताबा महापौरांकडे गेला, पण मुख्याध्यापक निवडण्याचं हे काम बहुतेक शाळांमध्ये समित्यांकडेच राहिलं.

याचा परिणाम असा झाला की एकाच शहरात, एकाच वेळी, शेकडो शाळा वेगवेगळ्या वाटांनी निघाल्या. काही झपाट्यानं सुधारल्या, काही होत्या तिथेच अडकल्या. शिकागो विद्यापीठात १९९० मध्ये या शाळांचा अभ्यास करणारं एक संशोधन केंद्र सुरू झालं. अँथनी ब्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं माहिती गोळा करून २०१० मध्ये पुस्तक काढलं. त्यांनी सुधारलेल्या शाळांमधल्या पाच गोष्टी सांगितल्या. नेतृत्व, शिक्षकांची क्षमता, पालकांशी आणि वस्तीशी नातं, मुलांना सुरक्षित वाटेल असं वातावरण आणि शिकवण्याची नीट बांधलेली दिशा. यातल्या बहुतेक गोष्टींत भक्कम असलेल्या शाळा, कच्च्या शाळांच्या तुलनेत सुधारण्याची शक्यता किमान दहापट होती.

या पाचांमध्ये नेतृत्व हे इंजिन आहे, असं त्यांचं म्हणणं. बाकीच्या चार गोष्टी आपोआप होत नाहीत, कुणीतरी त्या घडवून आणाव्या लागतात.

मग पुढचा प्रश्न. पाचशेहून जास्त शाळा असलेल्या शहरात असे नेते आणायचे कुठून?

यूआयसीचा प्रयोग

शिकागोत इलिनॉय विद्यापीठाचं एक केंद्र आहे, तिथले लोक त्याला यूआयसी म्हणतात. सरकारी विद्यापीठ. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथल्या प्राध्यापकांनी आपला अभ्यासक्रम मोडून नव्यानं बांधायला घेतला. स्टीव्ह टोझर हे त्यातलं प्रमुख नाव. त्यांनी डिग्रीचं नाव एड.डी.च ठेवलं, पण आतला सगळा मालमसाला बदलला.

पहिला बदल प्रवेशात. फी भरेल त्याला बसवायचं हे बंद झालं. उमेदवारानं वर्गात मुलांना चांगलं शिकवलंय का, सहकारी त्याचं ऐकतात का, अवघड शाळेत जायची तयारी आहे का, हे बघून मोजक्याच लोकांना घ्यायला सुरुवात झाली.

दुसरा बदल सगळ्यात मोठा. पूर्ण एक वर्ष पगारी रेसिडेन्सी. शिकाऊ डॉक्टर जसा रुग्णालयात राबतो, तसा हा उमेदवार वर्षभर एखाद्या अनुभवी मुख्याध्यापकाच्या हाताखाली पूर्ण वेळ काम करतो. पगार मिळत असल्यामुळे संध्याकाळी नोकरीवरून थकून वर्गात येऊन बसायची वेळ येत नाही. तो शिक्षकांचे तास बघतो, बैठका घेतो, आकडे मांडतो, चुकतो आणि त्या चुका कुणीतरी दाखवून देतं.

तिसरा बदल, डिग्रीतला शाळेचा भाग संपला, मुख्याध्यापकाची नोकरी लागली, तरी विद्यापीठ सोडत नाही. ज्यांनी स्वतः अवघड शाळा सुधारून दाखवल्यात असे निवृत्त मुख्याध्यापक कोच म्हणून येत राहतात. पहिली दोन-तीन वर्षं या खुर्चीतला माणूस सगळ्यात एकटा असतो, हे ओळखून केलेली ही सोय.

चौथा बदल, प्रबंध. नेहमीच्या पीएच.डी.सारखा ग्रंथालयात बसून लिहिलेला प्रबंध नको. त्याऐवजी स्वतःच्या शाळेत काय बदलायला घेतलं, का घेतलं, काय जमलं, काय फसलं आणि त्याचा पुरावा काय, हे लिहायचं. त्यामुळे पूर्ण डॉक्टरेट व्हायला चार-पाच वर्षं सहज लागतात.

पण खरा बदल या चारही गोष्टींच्या मागे होता. विद्यापीठानं स्वतःलाच वेगळा प्रश्न विचारला. 'किती जण पास झाले?' याऐवजी 'आपले विद्यार्थी ज्या शाळांत मुख्याध्यापक झाले तिथल्या मुलांचं काय झालं?' आपल्या यशाचा हिशेब दुसऱ्याच्या वर्गातल्या मुलांवरून द्यायचा, हे कोणत्याही विद्यापीठासाठी सोपं नसतं.

या अभ्यासक्रमाला पुढे राष्ट्रीय पातळीवर पुरस्कार मिळाले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे २०१० मध्ये इलिनॉयनं कायदा करून मुख्याध्यापकांचा जुना सरसकट परवानाच बंद केला. नवा परवाना फक्त मुख्याध्यापकपदासाठी. परवाना देणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला नव्यानं मान्यता घ्यावी लागली. शाळा मंडळांशी भागीदारी, निवडून प्रवेश आणि शाळेत दीर्घकाळ प्रत्यक्ष काम या अटी आल्या. साहजिकच राज्यभरात या कोर्सला बसणाऱ्यांची संख्या घटली. पगारवाढीसाठी येणारी गर्दी ओसरली, असंही म्हणता येईल. मात्र शहरापासून लांबच्या छोट्या मंडळांना उमेदवार कमी पडतील, अशी काळजीही तेव्हा व्यक्त झाली होती आणि ती अगदीच चुकीची नव्हती.

वर्गात शिकलेलं शाळेत कसं दिसतं? नववीचं उदाहरण बघा

अमेरिकेत हायस्कूल नववी ते बारावी. १९९० च्या दशकाच्या शेवटी शिकागोत हायस्कूलला आलेल्या मुलांपैकी जेमतेम निम्मी मुलं ते पूर्ण करायची. सगळ्यांना वाटायचं, गरिबी आहे, घरी वातावरण नाही, मुलं आधीपासूनच कच्ची आहेत, शाळा काय करणार?

२००५ मध्ये त्याच संशोधन केंद्रातल्या एलेन अ‍ॅलेन्सवर्थ आणि जॉन ईस्टन यांनी एक साधं मोजमाप पुढे आणलं, 'फ्रेशमन ऑन-ट्रॅक'. नववीच्या शेवटी मुलाकडे पुढच्या वर्गात जाण्याइतकी क्रेडिट्स आहेत का? आणि इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र या मुख्य विषयांत एका सत्रापेक्षा जास्त नापास तर नाही ना? एवढंच. जी मुलं या कसोटीवर रुळावर होती ती हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता इतरांच्या साडेतीन पट होती. आठवीच्या परीक्षेतले गुण किंवा घरची परिस्थिती यांपेक्षा हे एक वर्ष जास्त सांगून जात होतं.

हा निष्कर्ष मुख्याध्यापकासाठी का महत्त्वाचा? कारण घरची गरिबी त्याच्या हातात नाही, पण नववीचं वर्ष आहे.

मग शाळांनी काय केलं? नववीला शिकवणाऱ्या शिक्षकांच्या नियमित बैठका सुरू झाल्या. कोण गैरहजर राहतंय, कोण एका विषयात घसरतंय, याची यादी वर्ष संपल्यावर नाही, तर सत्र चालू असतानाच हातात यायला लागली. दोन दिवस दांडी झाली की घरी फोन. गृहपाठ दिला नाही की थेट शून्य देऊन मोकळं व्हायचं, की पूर्ण करून घ्यायचा, यावर शिक्षकांमध्ये वाद झाले आणि अनेक ठिकाणी नियम बदलले. नववीला सगळ्यात नवखे शिक्षक द्यायची सवय काही मुख्याध्यापकांनी मोडली.

यात कुठेही महागडं तंत्रज्ञान नव्हतं. पण वेळापत्रकात बैठकीसाठी जागा काढणं, चिडलेल्या शिक्षकांना सोबत घेणं आणि आकड्यांवरून कुणावर बोट न दाखवता बोलणं, हे सगळं मुख्याध्यापकाचं काम आहे आणि ते शिकावं लागतं. नेतृत्वाचा कोर्स म्हणजे काय, याचं हे सगळ्यात सोपं उत्तर.

२००७ च्या सुमारास शिकागोत नववीची ५७ टक्के मुलं रुळावर होती. २०१३ पर्यंत हे प्रमाण ८२ टक्क्यांवर गेलं. पुढे हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाणही ८० टक्क्यांच्या वर पोहोचलं.

तुमच्या मनात आलेली शंका रास्त आहे. शिक्षकांनी नुसतं ढकलपास केलं नसेल कशावरून? संशोधकांनी २०१४ मध्ये हेच तपासलं. ज्या शाळांनी नववीत आधी सुधारणा केली तिथे पुढे हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाणही वाढलं होतं. जास्त मुलं टिकून राहिली तरी अकरावीच्या एसीटी परीक्षेची सरासरी साधारण तिथेच राहिली. नुसतं ढकललं असतं तर ती घसरायला हवी होती. सगळ्या शंका यानं मिटत नाहीत, पण नुसती कागदी करामत होती असं म्हणणं कठीण आहे.

मुख्याध्यापकामुळे खरंच इतका फरक पडतो?

शिकागोच्या बाहेरचे आकडेही बघू. २००४ मध्ये केनेथ लाइथवूड आणि सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन चाळून सांगितलं की, शाळेतल्या घटकांपैकी मुलांच्या शिकण्यावर सगळ्यात जास्त परिणाम वर्गातल्या शिकवण्याचा होतो आणि त्याच्या खालोखाल नेतृत्वाचा.

२०२१ मध्ये जेसन ग्रिसम आणि सहकाऱ्यांनी नवी आकडेवारी घेऊन पुन्हा हिशेब मांडला. शंभर मुख्याध्यापक कामगिरीनुसार रांगेत उभे केले आणि खालून पंचविसाव्याच्या जागी पंचाहत्तरावा आणला, तर त्या शाळेतल्या सरासरी मुलाला वर्षभरात जवळपास तीन महिन्यांचं जादा शिक्षण मिळाल्यासारखा फरक पडतो. चांगल्या शिक्षकाचा फायदा त्याच्या वर्गाला होतो, चांगल्या मुख्याध्यापकाचा अख्ख्या शाळेला.

न्यूयॉर्क, डेन्व्हरसह सहा मोठ्या मंडळांनी २०११ पासून मुख्याध्यापक निवडणं, घडवणं आणि नेमणूक झाल्यावर आधार देणं या सगळ्याची एक साखळी बांधली. रँड या संस्थेनं २०१९ मध्ये त्याचा अभ्यास केला. नवे मुख्याध्यापक मिळालेल्या शाळा तीन वर्षांनी इतर मंडळांतल्या तशाच शाळांपेक्षा वाचनात साधारण सहा आणि गणितात साधारण तीन पर्सेंटाइल पॉइंट पुढे होत्या. खर्च किती? दर विद्यार्थ्यामागे वर्षाला सुमारे ४२ डॉलर. शिक्षणातल्या इतर मोठ्या योजनांपुढे हा खर्च किरकोळच.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. चांगला कोर्स मुळातच चांगल्या लोकांना निवडतो. मग नंतरचं यश कोर्सचं की माणसाचं, हे पूर्णपणे वेगळं काढता येत नाही. त्यामुळे 'ही डिग्री केली की शाळा सुधारते' असं कुणी जाहिरातीत सांगत असेल तर सावध व्हा. संशोधन इतकंच म्हणतं की नीट निवड, खऱ्या शाळेतला सराव आणि नंतरचा आधार हे तिन्ही एकत्र असेल तर फरक दिसतो.

आणि मग २०१३ आलं

इथवर वाचून वाटेल की चांगले मुख्याध्यापक मिळाले की प्रश्न सुटला. शिकागोनंच याचं उलटं उदाहरणही दिलंय.

२०१३ मध्ये महापौर राम इमॅन्युएल यांच्या काळात शहरानं एकाच फटक्यात जवळपास ५० शाळा बंद केल्या. कारण दिलं पटसंख्या कमी आणि पैसे वाचवायचे. सुमारे १२ हजार मुलांना शाळा बदलावी लागली आणि त्यातली बहुसंख्य मुलं कृष्णवर्णीय होती. त्या संशोधन केंद्रानं २०१८ मध्ये दाखवून दिलं की या मुलांच्या शिकण्याला धक्का बसला, गणितातला फटका तर पुढे कित्येक वर्षं राहिला. एकेकाळी शिकागोत शिक्षिका असलेल्या समाजशास्त्रज्ञ ईव्ह यूइंग यांनी यावर पुस्तक लिहिलं. ब्रॉन्झव्हिल या वस्तीतलं डायेट हायस्कूल वाचवायला २०१५ मध्ये लोक ३४ दिवस उपोषणाला बसले होते, त्याचीही गोष्ट त्यात आहे. ती शाळा पुढच्या वर्षी पुन्हा उघडली.

बंद झालेल्या शाळांत मन लावून काम करणारे मुख्याध्यापक नव्हते का? होते. पण हा निर्णय त्यांच्या खोलीत झालाच नव्हता. म्हणून डिग्रीच्या नावात 'पॉलिसी' लागतं. पटसंख्येचा आकडा कसा काढला, इमारतीची 'क्षमता' कुणी ठरवली, विशेष गरजा असलेल्या मुलांच्या छोट्या वर्गांचा हिशेब त्यात धरला का, हे प्रश्न विचारता येणारी माणसं टेबलाच्या दोन्ही बाजूंना हवीत.

या सगळ्यातून लोकांचा रोख शिक्षण मंडळाकडे वळला. २०२१ मध्ये कायदा बदलला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकागोच्या नागरिकांनी शिक्षण मंडळाच्या सदस्यांसाठी पहिल्यांदा मतदान केलं.

कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या का, हा वाद आपल्याकडे २०२३ पासून पेटला आहे. आपल्या वाड्या-वस्त्या आणि शिकागो यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण 'पट कमी आहे' या एका वाक्यात किती निर्णय लपलेले असतात, हे दोन्हीकडे सारखंच.

आपल्याकडे काय आहे?

अगदीच काही नाही असं नाही. दिल्लीतल्या नीपा या राष्ट्रीय संस्थेत २०१२ पासून शालेय नेतृत्वाचं केंद्र आहे आणि मुख्याध्यापकांसाठी त्यांचे कार्यक्रम चालतात. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं, म्हणजे टिसनं, २००६ मध्ये प्राथमिक शिक्षणात एम.ए. सुरू केलं. बेंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात शिक्षणातलं एम.ए. आहे. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका तर शिक्षकांच्या चांगलीच ओळखीची आहे.

पण या सगळ्यात आणि शिकागोच्या मॉडेलमध्ये एक दुवा निसटतो. इथे कोर्स एकीकडे आणि नेमणूक दुसरीकडे. मुख्याध्यापक होण्याआधी वर्षभर दुसऱ्याच्या हाताखाली पगारी उमेदवारी करायची, असा टप्पा आपल्या व्यवस्थेत नाही. त्यात शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीसाठी मुख्याध्यापकाचं पद १५० पेक्षा जास्त मुलं असतील तरच आणि सहावी ते आठवीसाठी १०० पेक्षा जास्त असतील तरच. त्याखालच्या शाळांत कुणीतरी शिक्षकच वर्ग शिकवता शिकवता 'प्रभारी' होऊन सगळं ओढतो.

बाहेर जाऊन ही डिग्री करायचा विचार असेल तर

कॉलेजच्या वेबसाईटवरचे हसरे चेहरे बाजूला ठेवा आणि पाच प्रश्न विचारा.

१. कोर्समध्ये प्रत्यक्ष शाळेत किती महिने काम करायला मिळतं? दोन-चार भेटी की पूर्ण वर्ष?

२. शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतः शाळा किंवा शिक्षण खातं चालवलंय?

३. पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेले विद्यार्थी आज काय करतात आणि त्यांच्या शाळांबद्दल विद्यापीठाकडे काही माहिती आहे का? हे सांगता येत नसेल तर तेच उत्तर समजा.

४. मुख्याध्यापकाचा परवाना मिळतो का? अमेरिकेत तो राज्य देतं आणि त्यासाठी आधी शिकवण्याचा अनुभव लागतो. महाराष्ट्रातल्या शाळेत मुख्याध्यापक व्हायला तो परवाना उपयोगाचा नाही, इथे इथलेच नियम. भारतात परत येऊन संस्था, संशोधन किंवा सरकारी प्रकल्पांत काम करायचं असेल तर धोरणाकडे झुकलेलं मास्टर्स जास्त कामाला येतं.

५. पैसे कोण भरणार? हार्वर्डनं २०१० मध्ये सुरू केलेल्या तीन वर्षांच्या नेतृत्व डॉक्टरेटमध्ये शिकवणी फी माफ असते आणि शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामात जातं. असे कोर्स हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी ठिकाणी कर्ज काढून जायचं असेल तर शिक्षण क्षेत्रातले पगार आणि कर्जाचा हप्ता एकदा शेजारी मांडून बघा.

मग सेवाज्येष्ठता वाईट का?

तसं म्हणणं सोपं आहे, पण अर्धवट आहे. ज्येष्ठतेचा नियम शिक्षकांना संस्थाचालकांच्या मर्जीपासून वाचवतो. तो काढला आणि त्याच्या जागी काहीच आणलं नाही, तर खुर्चीत भाचा-पुतण्या बसायला वेळ लागणार नाही, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

शिकागोच्या गोष्टीतून उचलण्यासारखं काही असेल तर ते असं की, खुर्चीत कोण बसणार हा एक प्रश्न झाला आणि बसण्याआधी त्याला काय शिकवणार, बसल्यानंतर त्याच्यासोबत कोण उभं राहणार, हे दुसरे दोन. पहिल्या प्रश्नावर आपल्याकडे नियम आहेत, कोर्टकचेऱ्या आहेत, संघटना आहेत. बाकीचे दोन प्रश्न मात्र १ जूनच्या सकाळी त्या सरांवर किंवा बाईंवरच सोडून दिलेले असतात.

तुमच्या मुलांच्या शाळेत नवे मुख्याध्यापक आले असतील तर एवढं जरूर विचारून बघा, 'सर, या कामाचं प्रशिक्षण किती दिवसांचं झालं तुमचं?' उत्तर ऐकल्यावर, एवढ्या बळावर ते शाळा कशी चालवतात, याचं नवल वाटेल.